पी००८७ : चढावर दम टाकणारं डिझेल इंजिन. हाय प्रेशर पंप बदलण्याआधी काय तपासावं?

चढणकर
नमस्कार मंडळी,
चार सिलिंडरचं कॉमन रेल (म्हणजे 'रेल' नावाच्या एकाच सामाईक नळीतून सगळ्या इंजेक्टरना दाबाखालचं डिझेल देणारं) डिझेल इंजिन आहे. सपाट रस्त्यावर, मध्यम वेगात काहीही तक्रार नाही. सेल्फ मारला की लगेच चालू होतं, आयडलला थरथर नाही, धूर नाही. पण लांबलचक चढ लागला, तिसरा-चौथा गिअर आहे आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवला, की थोड्याच वेळात इंजिन मरगळतं, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि मग पाय कितीही दाबा, गाडी ओढतच नाही. बंद करून पुन्हा चालू केलं की सगळं पूर्ववत, पुढचा चढ येईपर्यंत. स्कॅनरवर पी००८७ येतो, म्हणजे रेल प्रेशर कमी.

डिझेल फिल्टर नुकताच बदललाय. गॅरेजमध्ये कोड बघितल्या बघितल्या निकाल लागला: "हाय प्रेशर पंप गेला, नवीन टाकावा लागेल." काही खोललं नाही, काही मोजलं नाही. पंप ही या इंजिनातली सगळ्यात महागड्या वस्तूंपैकी एक, त्यामुळे नुसत्या अंदाजावर बदलायची तयारी नाही. पंप खरंच गेलाय हे ठरवायचं कसं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

दहाचा_पाना
पंपाला हात लावू नका, आधी आकडे बघू.

पी००८७ एवढंच सांगतो की ईसीयूने (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरने) जेवढा दाब मागितला तेवढा रेलमध्ये मिळाला नाही. का मिळाला नाही, याबद्दल कोड मुका असतो. रेलमधला दाब म्हणजे गळक्या बादलीतल्या पाण्याची पातळी समजा: नळ बारीक झाला तरी पातळी खाली जाते आणि भोक मोठं झालं तरी खाली जाते. नळ म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची आवक आणि खुद्द पंप. भोक म्हणजे इंजेक्टरची रिटर्नची गळती (सिलिंडरमध्ये न जाता परत फिरणारं डिझेल), रेलच्या टोकाचा व्हॉल्व्ह, कुठे बाहेर होणारी गळती. पंप हा या यादीतला फक्त एक जण आहे, आणि माझ्या मते सगळ्यात शेवटी संशय घ्यावा असा.

तुमच्या लक्षणात एक मोठा धागा आहे. सेल्फला लगेच चालू होतं म्हणता. सेल्फवर इंजिन जेमतेम दोन-अडीचशे आरपीएमने फिरतं, पंपही त्याच मानाने हळू. अशा वेळी बहुतेक इंजिनांना इंजेक्शन सुरू करायला दीडशे ते दोनशे बार दाब लागतो. पंपाचे प्लंजर झिजले असते किंवा इंजेक्टर भसाभसा रिटर्न मारत असते तर पहिली बोंब तिथे झाली असती. तुमची बोंब फक्त जास्त डिझेल लागतं तेव्हाच आहे. त्यामुळे माझा पहिला संशय आवकेवर.

स्कॅनरवर लाइव्ह डेटा बघून पुढच्या गोष्टी द्या:
मागितलेला रेल प्रेशर आणि प्रत्यक्ष रेल प्रेशर, दोन्ही एकत्र. आयडलला, एका स्थिर वेगात, आणि बिघाड होतो त्या क्षणी.
चावी ऑन, इंजिन रात्रभर बंद, अशा वेळी रेल प्रेशर किती दाखवतो.
टाकीत इलेक्ट्रिक पंप आहे की डिझेल ओढायचं काम हाय प्रेशर पंपातल्या गिअर पंपाकडे आहे.

हा तिसरा प्रश्न लोक टाळतात, आणि पुढची सगळी तपासणी त्यावर ठरते.

शंकासुर
माझ्या ओळखीतल्या एका गाडीला हाच कोड होता. रेलचा सेन्सर बदलला, प्रश्न मिटला. सेन्सर स्वस्त आहे, आधी तो टाकून बघायला काय हरकत आहे?

दहाचा_पाना
@शंकासुर, हरकत एवढीच की सेन्सर खराब आहे की नाही हे फुकटात कळतं. इंजिन बराच वेळ बंद ठेवून चावी ऑन केली की रेलमध्ये दाब नसतो, तेव्हा स्कॅनरने शून्याच्या आसपास दाखवलं पाहिजे. वायरवर मोजलं तर बहुतेक सेन्सर शून्य दाबाला साधारण अर्धा व्होल्ट देतात आणि कमाल दाबाला साडेचारच्या आसपास. शून्याला तीस-चाळीस बार दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याच्या वायरिंगमधला अर्थ (ग्राउंड) गंडलाय.

आणि एक गंमत बघा. सेन्सर खऱ्यापेक्षा कमी दाखवत असेल तर ईसीयू दाब वाढवत नेतो, म्हणजे प्रत्यक्षात दाब जास्त होतो आणि इंजिन कडक वाजायला लागतं. सेन्सर खऱ्यापेक्षा जास्त दाखवत असेल तर स्क्रीनवर सगळं छान, कोडही नाही, आणि इंजिन मात्र मरतुकडं. त्यामुळे "इंजिन ओढत नाही आणि स्क्रीनवरही दाब कमी" हे दोन्ही एकदम दिसत असेल तर सेन्सर बहुतेक खरंच बोलतोय.

चढणकर
धन्यवाद पानासाहेब. मित्राला शेजारी बसवून स्कॅनर त्याच्या हातात दिला. आकडे (बारमध्ये):

चावी ऑन, इंजिन बंद: ०
आयडल: मागणी २९०, प्रत्यक्ष २८५ ते २९४
स्थिर वेग, २००० आरपीएम, हलका पाय: मागणी ६२०, प्रत्यक्ष ६१० ते ६३०
चढ, पूर्ण ॲक्सिलरेटर: मागणी १५००. प्रत्यक्ष आधी १४५० पर्यंत जातो, मग हळूहळू १२००, १०५०, ९००, आणि तिथे दिवा लागतो.

टाकीत इलेक्ट्रिक पंप नाही. गिअर पंप हाय प्रेशर पंपालाच जोडलेला आहे.

काळा_धूर
वाचतोय. पण १४५० पर्यंत जाऊन खाली येतोय म्हणजे इंजेक्टर असू शकतात ना? दाब वाढला की झिजलेल्या इंजेक्टरची गळतीही वाढते. आयडलला ३०० बारवर ठीक वाटणारा इंजेक्टर १५०० वर पाणी पाजतो. माझं मत: आधी रिटर्न मोजा. साधी पारदर्शक नळी आणि चार सारख्या बाटल्या पुरतात. प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न नळी काढून त्याला स्वतंत्र नळी लावायची, चारही बाटल्यांत एकाच वेळी सोडायची, गरम इंजिन आयडलला ठेवायचं, आणि बाटल्यांतली पातळी सारखी आहे का बघायचं. एखादा बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट सोडत असेल तर तो गुन्हेगार. मूळ रिटर्न पाइपची मोकळी झालेली तोंडं बंद करायला विसरू नका, नाहीतर खाली डिझेलचं तळं.

नियमित_वाचक
@काळा_धूर, एक भर. हे बाटल्यांचं प्रकरण सोलेनॉइड (विद्युतचुंबकाने उघडणाऱ्या) इंजेक्टरना चालतं. पिझो (पिझो स्फटिकाने उघडणारे) इंजेक्टर असतील तर अनेक प्रकारांना रिटर्न लाइनमध्ये सुमारे १० बारचा उलटा दाब लागतोच, त्याशिवाय आतला हायड्रॉलिक कपलर भरत नाही. नळी उघडी सोडली की इंजिन अडखळेल किंवा बंद पडेल आणि तुम्ही चांगले इंजेक्टर बदलत बसाल. धागाकर्त्याने आधी प्रकार बघावा.

दहाचा_पाना
काळा_धूर यांचा मुद्दा बिनतोड आहे, गळती दाबाबरोबर वाढते. रिटर्न मोजाच, त्यात काही वाया जात नाही. पण आकड्यांचा वेगही बघा. गळती मोठी असती तर प्रत्यक्ष दाब १५०० च्या जवळ पोचलाच नसता, कुठेतरी १०००-११०० ला जाऊन अडकला असता. इथे तो पोचतो आणि मग ओसरतो. म्हणजे सुरुवातीला पंपाकडे पुरेसं डिझेल आहे, नंतर ते पुरत नाही. फिल्टरच्या भांड्यात साठलेलं संपेपर्यंत पंप दाब धरतो, मग मागून भरणा कमी पडतो. मला तरी असं दिसतंय.

गिअर पंप असलेल्या रचनेत टाकीपासून पंपापर्यंतची सगळी लाइन ओढीखाली असते, म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी. दोन गोष्टी यातून निघतात. पहिली, या भागात गळती असली तर बहुतेक वेळा डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. त्यामुळे जागा कोरडी ठणठणीत दिसते आणि लोक फसतात. दुसरी, इथे साधा प्रेशर गेज कामाचा नाही, व्हॅक्युम दाखवणारा हवा.

फिल्टर आणि पंप यांच्या मध्ये टी-जोड टाकून व्हॅक्युम गेज लावा. त्याच नळीचा वीतभर तुकडा पारदर्शक ठेवा म्हणजे बुडबुडेही दिसतील. गेजची नळी लांब घेऊन बॉनेटच्या फटीतून बाहेर काढा आणि गेज काचेवर वायपरखाली अडकवा. डिझेलने भरलेली नळी केबिनमध्ये घेऊ नका. आयडलला आणि चढावर काटा किती ओढ दाखवतो ते बघा.

पाना_आणि_मी
सगळ्यांसाठी सुरक्षेचा एक मुद्दा, कारण असे धागे वाचून लोक उत्साहात पाना हातात घेतात.

इंजिन चालू असताना रेल, हाय प्रेशर पाइप किंवा इंजेक्टरचा नट सैल करायचा नाही. जुन्या मेकॅनिकल पंपावर एकेक नट सैल करून मिसिंग शोधायची सवय असलेले कारागीर कॉमन रेलवरही तेच करतात. १५०० बारची केसाएवढी धार कातडी फोडून आत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आतलं मांस सडायला लागतं. अशी जखम झाली तर "काही दुखत नाही" म्हणून घरी बसायचं नाही, तडक इस्पितळ गाठायचं आणि डॉक्टरांना "दाबाखालचं डिझेल आत गेलंय" हे स्पष्ट सांगायचं. गळती शोधायला पाइपवरून बोट फिरवायचं नाही, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा. इंजिन बंद केल्यावर स्कॅनरवर दाब शून्य झाल्याशिवाय काही खोलायचं नाही.

चढणकर
अपडेट. इंजेक्टर सोलेनॉइड प्रकारचे आहेत. रिटर्न मोजला: २८, ३०, २७ आणि ४१ मिली. चौथा जास्त आहे. हा गुन्हेगार का?

शिवाय फिल्टर आणि पंपाच्या मधली नळी पारदर्शक केली. आयडलला डिझेल स्वच्छ, एकही बुडबुडा नाही. उभ्या गाडीवर रेस वाढवून ३००० आरपीएमला ठेवलं की बारीक बारीक बुडबुड्यांची पांढरट रेघ दिसते. म्हणजे कुठेतरी हवा शिरतेय ना? सगळे क्लॅम्प आवळले, फिल्टरच्या रबरी सीलला डिझेल चोपडून पुन्हा बसवलं, तरी रेघ आहेच. व्हॅक्युम गेज अजून मिळायचाय.

दहाचा_पाना
चौथ्या इंजेक्टरवर लक्ष ठेवा, पण सध्या त्याला फासावर चढवू नका. दीडपट आहे, तिप्पट नाही. तेवढ्याने ६०० बारचा खड्डा पडत नाही.

बुडबुड्यांबद्दल सावधान. हवा शिरत असती तर आयडललाही थोडीफार दिसायला हवी होती, आणि रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सेल्फ लांबला असता, कारण हवा शिरली की डिझेल मागे टाकीकडे उतरतं. तुमची गाडी तर लगेच चालू होते. दुसरी शक्यता अशी की डिझेलमध्ये नेहमीच थोडी हवा विरघळलेली असते. लाइनमध्ये ओढ फार वाढली की ती हवा बारीक बुडबुड्यांच्या रूपात सुटते. म्हणजे बाहेरून काहीही न शिरतासुद्धा पांढरी रेघ दिसते. मोठे, टप्प्याटप्प्याने येणारे बुडबुडे म्हणजे बहुधा सांध्यातून हवा. फेसासारखी बारीक रेघ आणि तीही फक्त जास्त आरपीएमला, म्हणजे बहुधा अडथळा. नक्की काय ते गेज सांगेल.

शंकासुर
अडथळा असेल तर फिल्टरमध्येच असणार ना? तो तर नवा आहे.

नियमित_वाचक
नवा फिल्टर म्हणजे मोकळा फिल्टर असं नसतं. टाकीत घाण असेल तर नवा फिल्टर पहिल्याच टाकीत भरतो. पण फिल्टरच्या आधीही बऱ्याच जागा आहेत: टाकीतल्या पिकअपची जाळी, टाकीच्या झाकणाची किंवा व्हेंटची वाट, चेपलेला धातूचा पाइप, हातपंपातला एकदिशा व्हॉल्व्ह, जुन्या रबरी नळ्या. व्हेंट बंद असेल तर गंमत होते. गाडी बराच वेळ छान चालते, मग हळूहळू मरते, आणि झाकण उघडलं की फुस्स करून हवा आत जाते आणि गाडी पुन्हा ठीक. खर्च शून्य असल्याने मी नेहमी हीच तपासणी आधी करतो.

जाळीचा प्रकार आणखी बेरकी. टाकीतला कचरा ओढीबरोबर जाळीला चिकटतो, इंजिन बंद केलं की सुटून तळाशी जातो. त्यामुळे "बंद करून चालू केली की ठीक" हे लक्षण जाळीशीही जुळतं. मात्र लिंप मोडही (बिघाड दिसल्यावर ईसीयू इंजिनाची ताकद कमी करतो ती अवस्था) चावी फिरवल्यावर निघतो, म्हणून नुसत्या या लक्षणावर विसंबता येत नाही.

चढणकर
गेज मिळाला. वायपरखाली अडकवून चढावर गेलो.

आयडल: ०.१ बार ओढ
२००० आरपीएम, हलका पाय: ०.२
चढ, पूर्ण पाय: ०.३५, ०.४५, ०.५५. काटा ०.५ ओलांडतो आणि त्याच सुमारास मित्राच्या हातातल्या स्क्रीनवर रेल प्रेशर घसरायला लागतो.

आता कळलं पंपाला काय भोगावं लागतंय. पुढे काय?

दहाचा_पाना
झकास. आता चित्र स्पष्ट आहे. व्हॅक्युमची मर्यादा प्रत्येक इंजिनाची वेगळी असते, पण अर्ध्या बारच्या पुढे ओढ गेली तर कुठलाही गिअर पंप उपाशी राहणार. रेल प्रेशर घसरणं हा परिणाम आहे, कारण मागे आहे.

आता गेज एक पाऊल मागे न्या, फिल्टरच्या आधी. तिथे ओढ एकदम कमी झाली (समजा ०.१५) तर अडथळा फिल्टरमध्ये. तिथेही जवळपास तेवढीच असेल तर अडथळा फिल्टर आणि टाकीच्या मध्ये. असंच एकेक पाऊल मागे जायचं. ज्या वस्तूच्या अलीकडे ओढ जास्त आणि पलीकडे कमी, ती वस्तू दोषी.

चढणकर
फिल्टरच्या आधी: पूर्ण पायाला ०.५. फिल्टर सुटला.
टाकीचं झाकण उघडं ठेवून उभ्या गाडीवर ३००० ला बघितलं, काही फरक नाही. व्हेंट सुटला.
टाकीवरचं पिकअप बाहेर काढलं. जाळी स्वच्छ.
मग टाकीच्या धातूच्या पाइपापासून फिल्टरपर्यंत येणारी रबरी नळी काढली. बाहेरून एकदम ठीक, कुठे चीर नाही, चेपलेली नाही. फुंकर मारली तर हवा आरपार जाते. आता डोकं खाजवतोय.

काळा_धूर
फुंकर मारून नाही कळणार! फुंकरेने नळी फुगते. तिला ओढ लावून बघा. एक टोक बोटाने बंद करा, दुसऱ्या टोकाला हाताने चालवायचा व्हॅक्युम पंप लावा, आणि नळीची भिंत हाताला बसल्यासारखी वाटते का ते बघा. नाहीतर सरळ उभी चिरा, तशीही बदलायचीच आहे.

चढणकर
चिरली! फिल्टरकडच्या टोकापासून साधारण चार बोटांवर आतला रबराचा पातळ थर मूळ भिंतीपासून सुटला होता. बोटाने ढकलला तर सहज दुमडून भोक जवळजवळ बंद करतो. सोडला की परत भिंतीला चिकटतो. कमी ओढीला तो जागच्या जागी राहत असणार आणि ओढ वाढली की आत येऊन वाट अडवत असणार. बाहेरचा थर आणि मधलं विणकाम अगदी टणटणीत, म्हणून बाहेरून काही कळत नव्हतं.

डिझेलला चालेल अशी नवी नळी आणि नवे क्लॅम्प टाकले. त्याच चढावर, पूर्ण पायाला आता ओढ ०.२ च्या आत आणि रेल प्रेशर मागणी १५००, प्रत्यक्ष १४८० ते १५१५. दिवा नाही. पंप जुनाच, जागेवर. पानासाहेब, काळा_धूर, नियमित_वाचक, सगळ्यांचे मनापासून आभार.

शंकासुर
वा! नळीसारख्या क्षुल्लक वस्तूपायी पंपाचा बळी जात होता. सेन्सरची सूचना मागे घेतो :)

तांबडा_दिवा
धागा हायजॅक करतोय, माफी असावी, पण विषय तोच आहे. माझं इंजिन उलटं वागतं. थंड असताना एका सेल्फमध्ये चालू. तापल्यावर बंद केलं आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा सेल्फ मारला तर नुसतं फिरत राहतं, चालू होत नाही. पूर्ण गार झालं की पुन्हा चालू. एकदा चालू झालं की ओढ उत्तम. कोड कधी येतो, कधी येत नाही.

काळा_धूर
हे माझ्या आवडीचं प्रकरण :) हे गळतीच्या बाजूचं लक्षण आहे. डिझेल तापलं की पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून जास्त निसटतं. सेल्फवर पंप इतका हळू फिरतो की तेवढी गळती त्याला भरून काढता येत नाही. एकदा इंजिन आयडलला आलं की पंपाचा वेग तिप्पट-चौपट, मग गळती असूनही दाब टिकतो.

गरम असताना सेल्फ मारताना स्कॅनरवर दोन आकडे बघा: रेल प्रेशर आणि सेल्फचा आरपीएम. आरपीएम आधी. तो १५० च्या खाली रेंगाळत असेल तर बॅटरी, अर्थ आणि स्टार्टर बघा. तापलेला स्टार्टर मंदावतो आणि दोष डिझेलच्या माथी येतो. आरपीएम ठीक आणि रेल प्रेशर ८०-१०० वरच अडकला असेल तर गळती शोधायची.

ती सेल्फ मारतानाच शोधायची, आयडलला नाही. रेलच्या टोकाला प्रेशर कंट्रोल व्हॉल्व्ह किंवा लिमिटर असतो, त्याची रिटर्न नळी काढून बाटलीत धरा. सेल्फवर तिथून धार यायला नको. ती कोरडी असेल तर चार इंजेक्टरचा रिटर्न. आणि तिथेही काही नसेल तर राहिला पंप आणि त्याचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल शिरू द्यायचं ते ठरवणारा).

नियमित_वाचक
मीटरिंग व्हॉल्व्हचा विषय निघालाच आहे तर: कनेक्टर काढून बघायची युक्ती सगळ्या पंपांवर सारखी चालत नाही. बॉशच्या सीपी३ सारख्या पंपांवर हा व्हॉल्व्ह वीज नसताना उघडा असतो, त्यामुळे कनेक्टर काढला की पंप पूर्ण भरणा करतो. डेन्सोच्या पंपांवर, जिथे याला एससीव्ही म्हणतात, दोन्ही प्रकार येतात. बंद प्रकारचा असेल तर कनेक्टर काढल्यावर दाबच येणार नाही आणि तुम्ही पंप मेला म्हणाल. म्हणून आधी आपला प्रकार कोणता ते पुस्तिकेत बघा. स्क्रीनवर ड्यूटीचा टक्का (व्हॉल्व्हला दिल्या जाणाऱ्या विजेचं प्रमाण) वाढलेला दिसला म्हणजे "ईसीयू जास्त डिझेल मागतोय" असंही डोळे मिटून म्हणू नका. उघड्या प्रकारात जास्त करंट म्हणजे कमी डिझेल.

तांबडा_दिवा
सेल्फवर आरपीएम २३०, रेल प्रेशर ९५ च्या वर जात नाही. रेलच्या टोकाच्या व्हॉल्व्हची रिटर्न नळी काढून सेल्फ मारला तर बाटलीत चांगली करंगळीएवढी धार! इंजेक्टरचे रिटर्न जवळपास कोरडे. म्हणजे व्हॉल्व्ह?

काळा_धूर
जवळजवळ नक्की. फक्त व्हॉल्व्हला ईसीयूकडून वीज पोचतेय का तेही बघा, वायर तुटली असेल तरी तो दाब धरणार नाही. वीज ठीक असेल तर व्हॉल्व्ह काढा आणि त्याच्या तोंडाशी काय साचलंय ते स्वच्छ पांढऱ्या कागदावर टिपून बघा. नुसती काळपट घाण असेल तर व्हॉल्व्ह नवीन टाकून मोकळे व्हा. चमचमणारी चांदीसारखी धूळ असेल तर थांबा. ती पंपातून आलीय. पंप स्वतःला खातोय आणि ते कण रेल आणि इंजेक्टरपर्यंत पोचलेत. अशा वेळी नुसता व्हॉल्व्ह किंवा नुसता पंप बदलला तर नवा भागही थोड्याच दिवसांत त्याच वाटेने जातो. टाकी, लाइन, पंप, रेल, इंजेक्टर, सगळ्यांचा हिशेब एकदम करावा लागतो. फिल्टर कापून त्याची घडी उलगडून बघणं हाही उत्तम उपाय.

पाना_आणि_मी
+१. आणि ही धूळ येते कुठून? कॉमन रेलच्या पंपाला वंगण डिझेलच देतं, वेगळं तेल पोचत नाही (काही प्रकार सोडले तर). पाणी मिसळलं, चुकून पेट्रोल पडलं, की वंगण गेलं. गंधक कमी करण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक वंगणपणा घटतो, म्हणून त्यात वंगण वाढवणारे घटक घालावे लागतात. युरोपच्या ईएन ५९० मानकात तर वंगणपणाची चाचणीच आहे, त्यात घासल्याची खूण ४६० मायक्रॉनपेक्षा मोठी चालत नाही. फिल्टरखालचा पाण्याचा नळ वेळच्या वेळी सोडा, आणि चुकून पेट्रोल भरलं गेलं तर चावीसुद्धा ऑन करू नका. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर तो चावीवरच सुरू होतो.

तांबडा_दिवा
वीज पोचतेय. कागदावर काळपट डाग, चमक नाही. चुंबकालाही काही चिकटलं नाही. व्हॉल्व्ह मागवलाय.

जुनं_ते_सोनं
इथे सगळी स्कॅनरवाली मंडळी आहेत. माझ्याकडे जनरेटरचं जुनं इंजिन आहे, इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर असलेला मेकॅनिकल पंप), ईसीयू-बिसीयू काही नाही. लोड दिला की आरपीएम पडतो, लोड काढला की सावरतो. स्कॅनर कुठे लावू? :)

दहाचा_पाना
तुमचं काम उलट सोपं आहे, काका. बाजारात येणारं पहिलं प्रवासी कॉमन रेल इंजिन १९९७ चं, त्याआधी जग असंच चाललं होतं.

तुमच्याकडे इनलाइन पंपाच्या अंगावर छोटा फीड पंप असेल, बहुतेक वर दाबायचा हातपंप असलेला. तो टाकीतून डिझेल ओढतो आणि फिल्टरमधून पंपाच्या गॅलरीत एक-दीड बारच्या आसपास दाबाने देतो. जास्तीचं डिझेल ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमधून परत जातं. फिल्टरनंतर, पंपाच्या तोंडाशी ० ते ४ बारचा साधा गेज लावा आणि लोड देऊन बघा. लोडवर दाब टिकतोय आणि तरी आरपीएम पडतोय, तर आवक ठीक आहे. गव्हर्नर (आरपीएम सांभाळणारा भाग), नोझल, एअर फिल्टर यांच्याकडे वळा.

दाब पडत असेल तर फीड पंपाच्या आधीची छोटी जाळी काढून धुवा, अनेकांना ती आहे हेच माहीत नसतं. मग फीड पंपाचे दोन्ही एकदिशा व्हॉल्व्ह. त्यांच्याखाली कचऱ्याचा एक कण बसला तरी पंप निम्मं काम करतो. हातपंप मारताना दांडा कडक न होता भसभस चालत राहिला तर आधी व्हॉल्व्ह किंवा हवा यांचा संशय घ्या. हे सगळं ठीक असून दाब येत नसेल तर ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग मऊ पडलीय का बघा. त्याची रिटर्न नळी क्षणभर चिमटीत धरली आणि गेजचा काटा लगेच वर उडाला, तर फीड पंप ठणठणीत आहे आणि व्हॉल्व्ह दाब सोडून देतोय. फार वेळ धरू नका, सीलवर ताण येतो.

हवा काढताना क्रम पाळा. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारा, बिनफेसाचं डिझेल आलं की आवळा. मग पंपावरचा स्क्रू, तसंच. त्यानंतर सेल्फ मारत इंजेक्टरच्या नटांवरची हवा. हे शेवटचं तुमच्या मेकॅनिकल पंपावरच, वरच्या मंडळींच्या कॉमन रेलवर नाही.

जुनं_ते_सोनं
जाळी होती! काढली तर शेवाळासारखा चिकट थर. धुतली, फिल्टरही बदलला, क्रमाने हवा काढली. गेज पूर्ण लोडला १.३ वर स्थिर आहे. आता टाकी रिकामी करून धुवायला घेतोय, तळाशी पाणी नक्कीच असणार.